बिनबांधाचं रान

साताऱ्याच्या स्टँडवरून सकाळची कराड गाडी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन पंजाबी ड्रेस, एक टॉवेल आणि पत्रकांचा एक जाडजूड गठ्ठा होता. ‘जमीन कुणाची?’ हा मथळा माझाच. छपाई वडिलांची. आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालतं आणि पत्रकांवरून घरात भांडणं होतात. मी अक्षरं गिरवली तीही चुकलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे साधं वाक्य लिहितानाही शेवटी उद्गारचिन्ह द्यायला हात शिवशिवतो. या लेखात तो आवरायचा प्रयत्न केला आहे.

निघाले होते कुंडलजवळच्या एका माळावर. तिथे सात कुटुंबं सोळा एकर जमीन मिळून कसतात. जमीन त्यांच्यापैकी कुणाचीच नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांनी मरण्यापूर्वी ती एका ट्रस्टच्या नावे करून दिली: विकायची नाही, वाटायची नाही, गहाण टाकायची नाही, आणि तिच्यात रासायनिक खताची एक मूठही घालायची नाही. नव्वदीच्या दशकात, जेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी ‘प्लॉट’ हा शब्द आहे, तेव्हा असं काही कुठे टिकून आहे यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. बसला तेव्हा मात्र वाटलं, हीच क्रांती.

कराडला गाडी बदलली. तासगावची एस. टी. कृष्णेच्या काठाकाठाने निघाली. दोन्हीकडे ऊस तुटलेला, पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलेलं, आणि त्याची काळी काजळी खिडकीतून थेट मांडीवर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर समोरून आले की आमचा ड्रायव्हर कडेला उभा राहायचा आणि त्या ड्रायव्हरची मनसोक्त विचारपूस करायचा. ताकारी मागे पडल्यावर हिरवं हळूहळू विरलं. डोंगर उघडे, पायथ्याला एखाददुसरा फुललेला पळस.

कंडक्टरला ठिकाण सांगितलं. तो म्हणाला, “त्या बिनबांधाच्या लोकांकडं व्हय? लेखक हायसा काय?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तितं दोनच जातीची माणसं उतरत्यात. येक शेण बघाया येत्यात, दुसरी लिवाया. तुमच्या हातात बाटली न्हाई, म्हंजी लिवणारी.”

बाटली कशाला, ते नंतर कळलं. शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवलेलं पाणी न्यायला आसपासचे शेतकरी येतात.

फाट्यापासून अर्धा तास चालले आणि चढ संपताच रान दिसलं. पहिल्या नजरेत काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, बांध नाहीत. उताराला आडव्या दगडांच्या ओळी होत्या, पाणी अडवायला. पण माणूस अडवायला काहीच नव्हतं. आमच्याकडे बांधावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो. इथे नजर सरळ ओढ्यापर्यंत जात होती. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते. मी तिथेच उभी राहून वहीत एक वाक्य लिहिलं. ते आता इथे देत नाही.

पाण्याचा पाट वाहत होता. ऊन कडक. मी चपला काढल्या, साबणाची वडी काढली आणि काळवंडलेले हात-तोंड धुवायला बसले. तोच जोरात शिट्टी वाजली. एक उंच, ताठ, पिकल्या मिशांचा माणूस लांब ढांगा टाकत आला.

“मॅडम! साबण! साबण बंद!”

मी दचकून वडी सोडली. ती पाटातून निघाली वांग्यांकडे. तो माणूस साठीचा असेल, पण तिच्यामागे असा धावला की जणू शत्रूच पळतोय.

हे हवालदार. लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, आणि चुलत्याशी हातभर बांधावरून सहा वर्षं भांडण्यात गेली. मग एके दिवशी सगळं रान पुतण्याच्या हवाली करून बायकोसह इथे आले. “चीनच्या बॉर्डरवर बी इतकं टेन्शन नव्हतं,” ते म्हणाले. इथे साबणाचं पाणी केळीकडे जातं, राख वांग्यांकडे, आणि पाटात फक्त पाणी. हे त्यांनी मला उभ्याने, क्रमवार सांगितलं.

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

“झकास लिवलंय. पर ह्यात पाण्याचं काय न्हाई.”

“हे जमिनीच्या मालकीबद्दल आहे.”

“व्हय व्हय. पर पाणी न्हाई.”

ट्रस्टचं कामकाज रंजनाताई पाहतात. पस्तिशीच्या, बोलणं कमी. दुपारी त्यांच्या ओसरीवर जेवले: ज्वारीची भाकरी, घेवड्याची आमटी, लसूण घालून परतलेला हिरव्या मिरचीचा खर्डा आणि ताक. खर्ड्याने कान गरम झाले. त्यांनी न बोलता गुळाचा खडा पुढे केला आणि इथली पद्धत समजावली. सोळापैकी बहुतेक रान सगळे मिळून करतात: ज्वारी, भुईमूग, हळद. पण प्रत्येक घराला भाजीपाल्यासाठी पाच-पाच गुंठ्यांची एक पट्टी. आणि या पट्ट्या दर तीन वर्षांनी, पाडव्याला, चिठ्ठ्या टाकून बदलतात.

“का?”

“विहिरीजवळची पट्टी सोन्यासारखी आहे. ओढ्याकडची दगडाची. एकाच्याच वाट्याला कायम सोनं आणि दुसऱ्याच्या कायम दगड असं झालं, तर बांध नसले काय आणि असले काय?”

पाडवा दोन दिवसांवर होता. मी मनात म्हटलं, लेख मिळाला.

संध्याकाळी ओढ्याकडच्या त्या दगडाच्या पट्टीवर गेले. तिथे दगड नव्हताच. काळीभोर, मऊ माती. कडेला शेवगा, वाफ्यांत मिरची, वांगी, वाळक्या पाल्याखाली झाकलेली जमीन. एक ठेंगणी, साठीची बाई उकिडवी बसून पाला सारखा करत होती. ही शेवंताक्का. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती, आणि कोपऱ्यात तीन विळे. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली. नवरा सालगडी (वर्षाच्या करारावरचा शेतमजूर). तो गेला आणि तीन वर्षांपूर्वी त्या इथे आल्या. या तीन वर्षांत ओढ्यातला गाळ डोक्यावरून वाहून त्यांनी ही माती केली होती.

मी शेजारी बसले आणि म्हणाले, “परवा ही पट्टी दुसऱ्याकडे जाईल. केवढी मोठी गोष्ट आहे, आक्का! मालकी हेच सगळ्या दुःखाचं मूळ.”

त्यांनी मान वर केली नाही. “तुजं घर कुठं?”

“साताऱ्याला. शहरात.”

“भाड्याचं?”

“नाही, वडिलांचं. म्हणजे आजोबांचं.”

“मग परवा तू बी चिठ्ठी टाक. तुज्या घरात मी ऱ्हाते.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

“पाडवा म्हंजी काय ठावं हाय का तुला?” त्या म्हणाल्या. “सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. तीस पाडवे मी बोचकं बांधलं. ह्या मालकाकडनं त्या मालकाकडं. तुळस लावावी तर ती मोठी हुईस्तवर आमी दुसरीकडं. आन् आता हितं आले, तर हितंबी पाडवाच.” हातातला पाला खाली टाकून त्या म्हणाल्या, “मी न्हाई टाकनार चिठ्ठी. सांग तुज्या पुस्तकाला.”

मी उठले. रात्रभर माझ्याच पत्रकातली वाक्यं मला आठवत होती, आणि ती सगळी बरोबर होती. तरीही त्यांतलं एकही त्या बाईसमोर उभं राहत नव्हतं.

पाडव्याला चार घरांपुढे गुढ्या होत्या. कडुलिंबाची कोवळी पानं आणि गूळ सगळ्यांनीच खाल्लं, गुढी उभारणाऱ्यांनी आणि न उभारणाऱ्यांनीही. दुपारी चिंचेखाली सगळे जमले. मध्ये एक मडकं. काहींना वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीवर नाव नसतं, खूण असते. हवालदारांची बंदूक, शेवंताक्कांचा विळा.

मडकं त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी हात मांडीखाली घेतले.

“मी टाकत न्हाई.”

आणि मग, पाहुणी असून, मी उभी राहिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मातीचा अधिकार नाकारला, त्यांना तुमच्या समतेचा नियम लावताना लाज वाटली पाहिजे, असं काहीतरी मी बोलत होते. आवाज चढला होता.

“आगं बस की खाली,” शेवंताक्का म्हणाल्या. “माज्या जिवावर भाषान नगं.”

मी बसले.

हवालदारांनी घसा साफ केला. “माजं म्हणणं, आक्कास्नी सूट द्या. लय राबल्यात त्या.” थोडं थांबून त्यांनी पुढचं वाक्य हळूच सोडलं, “मग विहिरीजवळची पट्टीबी ऱ्हाऊ द्या माज्याकडं. कायदा सगळ्यास्नी येकच पायजे.”

शेवंताक्का त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “बगा! मी दार किलकिलं केलं, तर हवालदारानं मागनं बैल घुसवला.”

सगळे हसले. हवालदारही मिशीत हसले, पण नजर त्यांनी वळवली.

“रंजा,” आक्कांनी विचारलं, “विहिरीजवळची पट्टी अजून कुणाकुणाला आली न्हाई?”

रंजनाताईंना उत्तर द्यावं लागलं नाही. चार हात वर झाले. त्यात एक हात कडेवर लेकरू असलेल्या बाईचा होता. तिने लेकरू दुसऱ्या कडेवर घेऊन हात वर केला.

शेवंताक्कांनी त्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचं तोंड कसनुसं झालं. मग त्यांनी मांडीखालचा उजवा हात काढला.

“आण हिकडं ती चिठ्ठी.”

विळ्याची चिठ्ठी मडक्यात पडली. मी खाली मातीकडे बघत होते. जिंकलं कोण, हरलं कोण, मला काही ठरवता येत नव्हतं.

चिठ्ठ्या निघाल्या. विहिरीजवळची पट्टी त्या लेकुरवाळीला. शेवंताक्कांना रस्त्याकडची, बेताची. आणि ओढ्याकडची, त्यांनी केलेल्या काळ्या मातीची पट्टी हवालदारांना.

“ह्या माणसाला?” आक्का ओरडल्या. “ह्येला सरळ रेघेबिगर काय दिसत न्हाई! वांगी परेडला उभी करंल ह्यो!”

मला वाटलं होतं की इथे संपलं. पण रंजनाताई म्हणाल्या, “उद्या थांब. उद्या रान सांगायचं आहे.”

पहिल्या बदलाच्या वेळी एक चूक झाली होती. ज्याला नवी पट्टी मिळाली त्याने कडेचा एक खड्डा निरुपयोगी समजून बुजवला. तो आधीच्याने पाणी जिरवायला काढलेला होता. पहिल्या मोठ्या पावसात खालच्या दोन पट्ट्यांची माती ओढ्यात गेली. चूक कुणाची? बुजवणाऱ्याची की न सांगणाऱ्याची? तेव्हापासून नियम झाला. जुना कसणारा नव्याला पट्टी सांगतो. अनवाणी, पावलापावलाने. नव्याने ती सगळी ऐकून परत म्हणून दाखवायची. बरोबर आली तरच पट्टी त्याची. लिहून घ्यायचं नाही; कागद हरवतो. मी वही काढली होती, ती रंजनाताईंनी माझ्या हातातून घेऊन आपल्या काखेत धरली.

सकाळी ऊन कोवळं असतानाच सुरुवात झाली. हवालदारांनी चपला काढल्या, हात पाठीमागे बांधले. शेवंताक्का पुढे. मी मागे.

“हितनं धर. ह्या दगडाखाली मुंगळ्यांचं घर हाय. मोडू नगंस. मुंगळे वर आले की दोन दिसांत पाऊस.”

“बरं.”

“हितं गाळ घातलाय, गुडघाभर. खाली मुरूम. मुळा लावशील तर वाकडा यील. हितं हराळी होती. मी काढली, पर ती मेली न्हाई, निजलीय. उनाळ्यात सारखी उकर. हितं पानी थांबतं. घेवडा नगं, अळू लाव. ही मिरची तोडायची न्हाई, बियाला धरलीय. तिला शिवलास तर बग!”

“शिवत न्हाई, आक्का.”

“हितं सकाळचं ऊन येत न्हाई, शेवग्याची सावली. मेथी लांब हुती, पर कवळी ऱ्हाती.”

असं दोन तास. मी आजवर अनेक भाषणं ऐकली आहेत. पाच गुंठ्यांवर इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. बोलता बोलता आक्का वाकायच्या, माती उचलायच्या, हवालदारांच्या नाकाशी धरायच्या. ते हुंगायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा ना हुशारी होती, ना चेष्टा.

शेवटी त्या शेवग्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “झालं. आता तू म्हण.”

हवालदार पहिल्या दगडापाशी गेले, टाचा जुळवल्या आणि सुरू झाले. मुंगळे, गाळ, मुरूम, निजलेली हराळी. एकदा चुकले, घेवड्याच्या जागी अळू नको म्हणाले. आक्कांनी ‘च्च’ केलं आणि पहिल्या दगडाकडे बोट दाखवलं. ते परत पहिल्या दगडापाशी. दुसऱ्यांदा सगळं बरोबर आलं. शेवग्यापाशी पोचले, आणि तिथेच घोटाळले. शेवग्यापासून ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे बघत मनाशी काहीतरी मोजू लागले.

“आक्का, हे ऱ्हायलं.”

“काय ऱ्हायलं?”

“शेवगा ते कोपरा. चार पावलं. ह्येचं तुमी काय सांगितलं न्हाई.”

“त्यात काय न्हाई.”

“न्हाई कसं? हितं खुरपं लागलेलं दिसत न्हाई. बाकी सगळीकडं लागलंय. काय तरी हाय.”

शेवंताक्का खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं.

“दोन वर्सांमागं लेक हितं बाळंतपणाला आलती,” त्या म्हणाल्या. “ओढ्याला पानी, गाडी यीना. हितंच मोकळी झाली. नातीची नाळ हितं पुरलीय.” त्यांनी हाताने जागा दाखवली. “माज्या सासूनं माज्या नवऱ्याची नाळ मालकाच्या उकिरड्याकडंला पुरली. माज्या लेकीची बी तशीच, दुसऱ्याच्या रानाच्या कुपाटीखाली. पुन्हा तिकडं पाय टाकायला मिळाला न्हाई. ही पयली. माजं म्हणून पुरली.” मग आवाज खाली आला. “काल समद्यांम्होरं सांगितलं असतं, तर तुमी सूट दिली असती. दयेची. म्हणून न्हाई सांगितलं.”

हवालदार उभेच होते. मग तेही खाली बसले, गुडघे कटकन वाजले. ते काही समजुतीचं बोलतील असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं,

“नाव काय पोरीचं?”

“कशाला?”

“तीन वर्सांनी मला ही पट्टी दुसऱ्याला सांगायची हाय. त्यो म्होरल्याला सांगनार. नाव न्हाई, तर काय सांगू?”

शेवंताक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

“संघमित्रा.”

“संघमित्रा,” हवालदार म्हणाले. मग पुन्हा एकदा, पक्कं करून, “संघमित्रा.”

ते उठले. परत पहिल्या दगडापाशी गेले आणि सगळं पहिल्यापासून म्हटलं. शेवग्यापाशी आल्यावर थांबले नाहीत.

“शेवगा ते कोपरा, चार पावलं. हितं संघमित्राची नाळ हाय. हितं कुदळ न्हाई, खुरपं न्हाई.”

आक्कांनी मान हलवली. “चार तुजी. तू लंबूटांग्या. म्होरला माणूस कसा असंल कुणाला ठावं? सहा सांग.”

“सहा,” हवालदार म्हणाले.

“आता बरोबर.”

मग त्या उठल्या, साडी झटकली आणि रस्त्याकडच्या पट्टीकडे निघाल्या. तिथलं तरुण जोडपं आपलं रान सांगायला उभं होतं. त्यांचं सांगणं दहा मिनिटांत संपलं. आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “येवढंच? तीन वर्सं झोपला हुता काय रं गड्या?” आणि पदर खोचून स्वतःच चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी निघाले. फाट्यावर गाडीला उशीर होता. परतीच्या वाटेवर तोच ऊस, तीच कृष्णा, कराडला तीच धक्काबुक्की. पण मी सारखी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. मी पट्टी पाठ करत होते. मला ती कुणी दिली नव्हती, तरी एकदा ऐकल्यावर तिची जबाबदारी आल्यासारखी वाटत होती.

मालकीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. जमीन कुणा एकाची नसावी, हे मी आजही तितक्याच जोराने म्हणेन. पण आपण पत्रकं काढणारे लोक जमीन काढून घ्यायची कशी आणि वाटायची कशी एवढंच लिहितो. सोडणाऱ्याच्या हातून काय सुटतं, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं, यावर मी एकही ओळ कधी लिहिली नव्हती.

घरी आल्यावर वडिलांना सगळी पट्टी म्हणून दाखवली, पहिल्या दगडापासून. छापखान्यात खिळे (शिशाची अक्षरं) जुळवणारा माणूस. चुका पकडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

“त्या पोरीला कुणी सांगितलंय का?”

ती आईबरोबर चिंचवडला असते. दोन वर्षांची आहे.

म्हणून ही ओळ तिच्यासाठी. संघमित्रा, तू वाचायला लागशील तेव्हा हा अंक कुठल्या रद्दीत असेल कोण जाणे. पण कधी त्या माळावर गेलीस, तर ओढ्याकडच्या पट्टीवर जा. तेव्हा ती कुणाकडे असेल, मला सांगता येणार नाही. कदाचित ज्याचं नाव आम्हा कुणालाच माहीत नाही अशा माणसाकडे. त्याला फक्त तुझं नाव सांग. जागा तो दाखवील.